सात नंबरची काठी

रोज सकाळी, कॉफीचं पाणी उकळायच्या आधी, मायव्होर आत्या तारेचे तुकडे ओठांतून ओढून बघायची. वीतभर लांबीची, पीळ दिलेली बारीक पोलादी तार. मिटलेल्या ओठांमधून ती सावकाश सरकायची आणि मध्ये कुठे अडली की आत्या तो तुकडा बाजूला टाकायची. बोटांना न कळणारा मोड ओठांना कळतो, असं तिचं म्हणणं. पाइक माशाचे दात नायलॉन सहज कापतात, म्हणून गळाच्या आधी तार लावायची, आणि तारेला एकदा मोड पडला की ती तिथेच तुटते. मग मासा जातो, आणि जाताना तोंडात लोखंड घेऊन जातो. हे तिला चालत नसे.

"सुटला तर सुटू दे की," ती म्हणायची. "पण जाताना त्याच्या तोंडात माझं काही राहायला नको."

थंड उत्तरेकडे, ब्लेकिंगेच्या किनाऱ्यावर, आमच्या बेटाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यांवर जगली. आत्याही जाळ्यांच्याच घरातली, माझ्या बाबांची धाकटी बहीण. पण चाळिशीत तिने जाळी सोडली आणि लांब काठी धरली. या काठीची रीत उलटी आहे. गळाला वजन नसतं. नुसती पिसं आणि केस बांधलेले असतात, आणि तो लांब फेकला जातो तो दोराच्या वजनावर. म्हणून दोरांना नंबर असतात, आणि जेवढा नंबर मोठा तेवढा दोर जड. जड दोराला जड काठी लागते. आत्याच्या शेडमध्ये भिंतीवर अशा काठ्या ओळीने टांगलेल्या असायच्या, आणि डेन्मार्क-जर्मनीहून येणाऱ्या पाहुण्यांना ती त्यातली एक काढून द्यायची. पाहुण्याने स्वतः निवडलेली तिला आवडत नसे.

"काठी वारा निवडतो, आमिष निवडतं आणि मासा निवडतो," ती म्हणायची. "माणसाचा नंबर चौथा."

धरलेला प्रत्येक पाइक ती पाण्यात परत सोडायची. ह्याच गोष्टीवरून त्या वर्षी भांडण पेटलं.

वासव्हीक ही आमच्या बेटाच्या आतल्या बाजूची उथळ खाडी, काठाने लव्हाळं. पाइक तिथे अंडी घालतात. तीन-चार वसंत झाले, जाळ्यांत पाइक कमी येत होते, आणि जाळीवाल्यांचं म्हणणं होतं की काठीवाले मासे सोडतात ते नाटक आहे, सोडलेला मासा लव्हाळ्यात जाऊन मरतो. सिक्स्टेन त्यांचा म्होरक्या. शेजारच्याच धक्क्यावर त्याची नाव. त्याने मच्छीमार सभेपुढे ठराव आणला की वासव्हीक काठीला कायमची बंद करावी. आत्याचं सगळं पोट त्या खाडीवर होतं. वसंतातले पाहुणे तिच्यासाठी नाही, वासव्हीकसाठी यायचे.

आमच्या सभेचा एक जुना नियम आहे. एखाद्या साधनाविरुद्ध मत द्यायचं असेल तर त्या साधनाने एकदा तरी मासेमारी केलेली पाहिजे. "हात ओला, मगच हात वर," असं म्हातारे म्हणतात. सिक्स्टेनने भाच्याची काठी घेऊन कधीच हात ओला करून घेतला होता. राहिले होते माझे बाबा, हेल्गे. त्यांनी आयुष्यात असली काठी धरली नव्हती, आणि सभेत निम्मी माणसं हेल्गे काय करतो ते बघून हात वर करायची.

मग मेच्या शेवटी, सभेच्या आठवड्यात, बाबा आत्याच्या शेडच्या दारात उभे राहिले. मी मागे होते, वल्ही मारायला.

"एवढ्या काठ्या कशाला लागतात?" बाबांनी वरच्या ओठाखालची तंबाखूची पुडी जिभेने सरकवली. "मासा तर एकच."

"तुझ्याकडे जाळी किती आहेत?"

"ते वेगळं."

"हो, ते नेहमीच वेगळं असतं."

तिने नऊ नंबरची काठी काढून त्यांच्या हातात दिली. पाइकसाठी हीच. मोठं आमिष वाऱ्यात नेते, मोठ्या माशाला वळवते. बाबांनी ती डोक्यामागे नेली, पुढे आणली, पुन्हा मागे नेली. तिसऱ्यांदा हात कानाच्या वर जाईना. उजवा खांदा. जाळी ओढणाऱ्या चरखीने तो कित्येक वर्षांपूर्वी फाडला होता. बाबांनी त्याबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नव्हता.

"जड आहे का?" आत्याने विचारलं.

"कुठे. पीस आहे नुसतं."

आत्या भिंतीकडे वळली, आणि तिचा हात काठ्यांवरून फिरत एका जागी थांबला. सात नंबरची. ती हलकी, ट्राउट माशांसाठी घेतलेली. दारातून लव्हाळ्याचा आणि तापलेल्या डांबराचा वास येत होता, आठवडाभर ऊन फारच होतं.

"आज वारा कमी आहे," शेवटी ती म्हणाली, आम्हाला की स्वतःला, कोण जाणे. "उथळात छोटे पाइक असतील. आमिषही लहान लावते. सात पुरेल."

तिने सातला सातचा दोर भरला, टोकाला नायलॉन, त्याला तार, आणि तारेला अंगठ्याएवढा पांढरा-लाल गळ. मासा सहज सुटावा म्हणून गळाची उलटी आकडी पकडीने दाबून सपाट केली. बाबांनी काठी फिरवून बघितली. हात वर गेला.

"ही बरी," ते म्हणाले.

वासव्हीकच्या तोंडाशी सिक्स्टेनची नाव उभी होती. इंजिन बंद. तो जाळं नीट करतोय असं दाखवत होता.

"माशा मारायला निघालात का, हेल्गे?" त्याने ओरडून विचारलं.

"तुझं जाळं आधी पाण्यात टाक," बाबा ओरडले. "नावेत मासे नसतात."

मी लव्हाळ्याच्या कडेने वल्ही मारत गेले. पाणी इतकं उथळ की तळाचं शेवाळ दिसत होतं. आत्याने नावेच्या काठावरून हात बुडवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"कोमट झालंय," ती म्हणाली.

"मग माशांना बरंच की. आंघोळ," बाबा म्हणाले.

"गरम पाण्यात दम लवकर लागतो, हेल्गे. त्यांनाही."

तेव्हाच परत फिरायला हवं होतं. हे ती पुढे कैकदा बोलली, पण तेव्हा फिरलो नाही, कारण बाबांना फेक जमायला लागली होती. पहिले काही दोर त्यांच्याच टोपीवर पडले. मग एक दोर हवेत सरळ झाला, लव्हाळ्याच्या कडेला गळ अलगद उतरला, आणि बाबांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी जाळी ओढताना कधी पाहिलं नव्हतं. दोन छोटे पाइक आले, हातभराचे. आत्याने ते पाण्यातच पकडीने सोडवले. दोन्ही बाणासारखे गेले.

"बघितलं?" आत्या म्हणाली.

"बघतोय. तुझी वकिली चालू दे."

तिसरा आला तेव्हा झटका बसलाच नाही. दोर नुसता थांबला.

"तळाला अडकलं," बाबा म्हणाले.

मग तळ चालायला लागला.

सावकाश, नावेपासून दूर, आतल्या लव्हाळ्याकडे. काठी टोकापासून मुठीपर्यंत वाकली आणि तशीच राहिली. पाण्याखाली एक लांब हिरवी सावली कुशीवर वळली आणि मला तिचं डोकं दिसलं. रुंद, चपटं, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढं. मादी. एवढ्या मोठ्या सगळ्या माद्याच असतात, आणि वासव्हीकमधली निम्मी पिल्लं अशा दोन-चार माद्यांची.

"दोर दे," आत्या म्हणाली. आवाज अगदी हळू. "पळू दे तिला. आता धर. धर, हेल्गे."

"धरलंय."

"काठी खाली. बाजूला. तिला वळव."

"वळत नाही ही!"

वळणार कशी. ती काठी वळवणारी नव्हतीच. नऊ नंबरच्या काठीच्या बुंध्यात एक हाड असतं, सातमध्ये ते नाही. मासा ओढी, काठी वाके, बाबा थोडं मिळवत, मासा ते परत नेई. कोणीच जिंकत नव्हतं. आणि जेवढा वेळ कोणी जिंकत नाही तेवढा वेळ मासा हरत असतो. आत्या दर थोड्या वेळाने हात पाण्यात घालायची, जणू पाणी एवढ्यात थंड झालं असेल. सिक्स्टेनने जाळं खाली ठेवलं होतं. तो उघड उघड बघत होता.

"कापून टाक," बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. "सुरी दे, मायव्होर. जाऊ दे तिला."

"तार तोंडात घेऊन?"

"मग काय करू? हात गेलाय माझा."

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. बाबांनी काठीचा बुंधा पोटाशी टेकवला होता, उजव्या हाताला वर डाव्याचा आधार.

"काठी खाली ठेव," ती म्हणाली.

"काय?"

"खाली ठेव. दोर हातात घे. लांब दोराने ईल मासे धरायचास ना, तशी ओढ."

"तुटेल. सातचा आहे."

"सात म्हणजे वजन रे, ताकद नाही. तार आणि नायलॉन मी नऊवर लावते तेच लावलंय. कमजोर आहे ती काठी. काठी मध्ये नको."

बाबांनी काठी माझ्या पायाशी ठेवली आणि ओला दोर दोन्ही मुठींत घेतला. क्षणभरात ते वेगळेच दिसायला लागले. पाय पसरले, पाठ खाली गेली, कोपरं बरगड्यांना चिकटली. खांदा लागतच नव्हता. मासा पळाला तेव्हा त्यांनी दोर बोटांतून सोडला, आणि तर्जनीवर लाल रेघ उमटली. मासा थांबला तशी त्यांनी ओढायला सुरुवात केली, एक हात, मग दुसरा, घाई नाही, ढील नाही. मी आयुष्यभर त्यांना असंच ओढताना पाहिलं होतं.

ती नावेपाशी आली तेव्हा जबडा अर्धा उघडा होता. आत्या गुडघ्यांवर बसली, नावेतून निम्मी बाहेर झुकली आणि पकडीने एका वळणात गळ काढला. मासा नावेत घ्यायचा नाही, पाण्याबाहेरही नाही, हा तिचा कायदा. शेपटीच्या वरच्या पात्यावर जुनी खाच होती, कोणीतरी चावा घेतल्यासारखी.

"जा," आत्या म्हणाली.

मासा कुशीवर पडला. पोट पांढरं, वर.

आत्याने तिला सरळ केलं, एक हात शेपटीच्या मुळाशी, एक पोटाखाली. कल्ले उघडायचे, मग बराच वेळ मिटलेले राहायचे. मी नाव अगदी हळू, खाडीच्या तोंडाशी खोल पाण्याकडे नेत होते, म्हणजे कल्ल्यांतून थोडं थंड पाणी जाईल. वाकून वाकून आत्याची पाठ धरली, तेव्हा बाबांनी तिला बाजूला सारलं आणि स्वतःचे हात घातले, खांद्यापर्यंत, सदऱ्यासकट.

"कसं धरू?"

"सरळ. आवळू नको."

"श्वास घेते का ही?"

"घेतेय. तू घे."

वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं. त्याशिवाय आवाज नव्हता. मग बाबा म्हणाले, "हलली." त्यांनी हात उघडले. मासा त्यांच्या तळव्यांवर अजून थोडा वेळ तसाच राहिला, आणि मग गेला. झेप नाही, फटकारा नाही, हळूहळू खाली, हिरव्यात.

"गेली का?" सिक्स्टेनची हाक आली.

"गेली," बाबा ओरडले.

"कुठे, तेच बघायचंय."

मी नाव घराकडे वळवली.

मग सभेपर्यंतचे दिवस. घरात कोणी माशाचं नाव काढलं नाही. बाबा पहाटे उठून होडी घेऊन जायचे, आईला सांगायचे जाळी बघायला जातो, आणि जाळी तर भिंतीवर टांगलेली असायची. एका सकाळी त्यांच्याबरोबर मीही गेले. लव्हाळ्याच्या एका वळणावर समोरून आत्याची होडी आली. ती उभी राहून लव्हाळ्याच्या मुळाशी बघत होती.

"तू इथे काय करतोस?" तिने विचारलं.

"वारा बघतोय."

"वारा घरातूनही दिसतो."

"मग तू का नाही थांबलीस घरात?"

ती बसली. दोन्ही होड्या एकमेकींना हलक्या टेकल्या.

"काही दिसलं?" बाबांनी विचारलं.

"नाही. तुला?"

"नाही."

"मेलेला मासा आधी तळाला जातो," आत्या म्हणाली. "वर यायला दिवस लागतात."

"माहीत आहे मला. मीही मासेच मारतो."

त्यांनी थर्मासमधली कॉफी तिला दिली. तिने अर्धी पिऊन परत केली, आणि दोघं आपापल्या काठाने पुढे गेले.

सभा शनिवारी दुपारी, प्रार्थनाघराच्या दालनात भरली. आमच्याकडे कॉफी आणि वेलदोड्याचे पाव झाल्याशिवाय ठराव वाचत नाहीत. कप गोळा होत होते तेवढ्यात सिक्स्टेन आत आला. त्याने आणि त्याच्या भाच्याने मिळून निळा टब धरला होता, वर ओलं गोणपाट. त्यांनी तो बाबांच्या खुर्चीसमोर ठेवला. गोणपाटाखालून वास येत होता.

"सकाळी मिळाली. आतल्या लव्हाळ्यात," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, हे मला कबूल करायला हवं. "तुझ्या हातात होती, हेल्गे. तूच सांग."

बाबा गोणपाट सारून वाकले. सगळं दालन वाकलं. मी उभी होते तिथून मला फक्त शेपटी दिसली, टबाच्या काठावर आलेली, आणि वरच्या पात्यावरची खाच.

बाबांनी खाचेवरून बोट फिरवलं. हो म्हटलं तर बहिणीची खाडी जाते. नाही म्हटलं तर कोणीही खोटं ठरवू शकणार नव्हतं, कारण खाच आम्ही तिघांनीच पाहिली होती.

"पाइक म्हटलं की..." त्यांनी घसा खाकरला. "शेपट्या काय, सगळ्यांच्याच..."

"तीच आहे," आत्या म्हणाली.

ती मागच्या बाकावरून उठली नव्हती. सगळे तिच्याकडे वळले.

"मायव्होर, तू जवळून बघितलंसही नाही," बाबा म्हणाले.

"बघायची गरज नाही. खाच आहे ना? तीच." मग ती सिक्स्टेनशी बोलली. "सोडल्यामुळे नाही मेली. दमून मेली. मी सातची काठी दिली. एवढ्या माशाला नऊच पाहिजे, म्हणजे मासा दमायच्या आत नावेपाशी येतो. आणि पाणी कोमट होतं ते मला माहीत होतं. हात घालून बघितलं होतं मी."

"मग सातची का दिलीस?" सिक्स्टेनने विचारलं. खरंच कळत नव्हतं त्याला.

"त्याचा खांदा गेलाय. मी खांदा बघितला, मासा नाही बघितला."

"माझ्या खांद्याचा विषय इथे कशाला?" बाबा लाल झाले. मागे कोणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं.

पुढे बोलणं लांबलं. कायमच्या बंदीचा ठराव सिक्स्टेनने लावून धरला, पण त्याच्याच बाजूची काही माणसं आता टबाकडे बघत होती आणि आत्याकडे बघत होती. मग बाबा उठले. त्यांनी दुसराच ठराव मांडला, अडखळत, कारण ते सभेत बोलत नसत. पाणी कोमट व्हायला लागलं की शरद ऋतूपर्यंत खाडी काठीला बंद, थंडीत खुली. आणि नऊच्या खालची काठी वासव्हीकमध्ये कधीच नाही.

वसंताचा उत्तरार्ध आणि सगळा उन्हाळा. आत्याचे जवळजवळ सगळे पाहुणे त्याच महिन्यांतले. बाबा बोलताना तिच्याकडे बघत नव्हते.

हात वर झाले. बाबांनी डावा केला. आत्याने त्यांच्याआधीच केला होता. सगळ्यात शेवटी, तोंड वाकडं करून, सिक्स्टेनने केला. संध्याकाळी त्याने तो मासा आपल्या बटाट्याच्या वाफ्यात पुरला, आणि वाफ्याचा तो कोपरा आत्याला देऊ केला. तिने घेतला नाही. म्हणाली, बटाटे तुझे तूच खा, ती माझ्या ओळखीची आहे.

त्या उन्हाळ्यापासून आत्या पाहुण्यांच्या सुट्टीतल्या घरांची साफसफाई करायला लागली. चादरी, खिडक्या, भट्टीतली राख. तक्रार तिने केली नाही, आनंदाचं सोंगही आणलं नाही. बाबांनी एकदा विचारलं, माझ्यावर राग आहे का? ती म्हणाली, आहे, पण कामाच्या दिवसांत वेळ मिळत नाही.

ऑक्टोबर आला की ती वासव्हीकला जायची, आणि तिसऱ्या वर्षापासून बाबाही. फेक ती करायची, नऊची काठी घेऊन. मासा लागला की काठी ठेवून दोर बाबांच्या हातात द्यायची. असं कोणी करत नाही. पाहुणे हसायचे. मासा मात्र झटपट यायचा आणि झटपट जायचा.

ती गेली तेही ऑक्टोबरातच, धक्क्यावर, दुपारी, होडी बांधता बांधता. हृदय. त्या सकाळी मी तिला फोन केला होता, बाबा निघालेत एवढंच सांगायला. मागे किटलीचा आवाज येत होता आणि ती घाईत होती.

"अजून दारातच असेल तर थांबव त्याला," ती म्हणाली. "येताना दूध आण म्हणावं. अर्धा लिटर पुरे."